कॉफीला या

३ ऑगस्ट, रविवार

कॉफी नाही!

अजलूनच्या डोंगरावर मला गाडीतून उतरवलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, 'उद्याचे नेते' असं छापलेला सदरा दिला (माझ्या पोटावर नेते जरा ताणले जातात), डोक्यावर टोपी चढवली, आणि मग हळूच सांगितलं — शिबिरात कॉफी मिळत नाही. माणसाला टोपी घालतात हे ऐकून होतो. इतक्या उघडपणे घालतात हे माहीत नव्हतं.

"तरुण मेंदूला कॉफी घातक असते," संचालिका डॉ. हनादी म्हणाल्या.

"बाई, माझा मेंदू तरुण नाही."

"उस्ताद नाएल, आपण इथे आदर्श आहोत."

पुदिन्याचा चहा पिऊन आदर्श झालो. डोकं ठणकतंय.

काम सोपं आहे. दहावी-अकरावीच्या पोरांना वादविवाद शिकवायचा. वर्तमानपत्रातलं माझं सदर बंद झालं तेव्हा संपादक म्हणाले होते, "सध्या वारा बरा नाही, नाएल." तेव्हापासून वारा बरा होण्याची वाट बघतोय. ज्याला बोलू देत नाहीत त्याला बोलायला शिकवण्यासाठी बोलावतात, हा आमच्या देशाचा विनोद. तो छापता येत नाही म्हणून इथे लिहितो. माझं अक्षर मलाच लागत नाही. दुसरा कोण वाचणार!

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी 'विश्वासाचा खेळ'. डोळे मिटून मागे पडायचं, मागचे झेलतात. नेता व्हायला हे लागतं म्हणे. मी बघितलेले सगळे नेते मागेच उभे असत, आणि झेलत नसत.

मग विषय ठरवायची बैठक. राजकारण नको. धर्म नको. टोळ्या-घराणी नकोत. पाणी नको, कारण पाणी कुठून सुटतं ते शेवटी राजकारणच. उरलं काय? गणवेश, मोबाईल आणि घर. अंतिम फेरीला मी घर सुचवलं — 'घरात शेवटचा शब्द बापाचाच असावा.' हनादीबाई खूश. "किती कौटुंबिक!"

दुपारी एक मुलगी दारात. सिवार, केरकची, सोळा वर्षांची. चष्मा नाकावर, जीभ चष्म्याच्याही पुढे.

"उस्ताद, तुमचा चेहरा बघून मला आईची आठवण आली."

"इतका प्रेमळ?"

"नाही. कॉफी मिळायच्या आधी ती अशीच दिसते." आणि ओढणीखालून एक पत्र्याचा डबा काढला. आईने घरी भाजलेली, वेलदोडा घातलेली! "फुकट नाही हं. डबा भरून परत द्यायचा. नाहीतर आई मला घरात घेणार नाही."

"कबूल."

"शपथ घ्या."

घेतली. बाथरूममध्ये इलेक्ट्रिक किटलीवर कॉफी केली. आदर्श गेला खड्ड्यात.

५ ऑगस्ट, मंगळवार

एक नवे गृहस्थ आले आहेत. अबू राद. पन्नाशीचे, गोरेगोमटे, हातात जपमाळ, पायात चकचकीत बूट. डोंगरावरची लाल माती सगळ्यांच्या पायांना लागते, यांच्या नाही. 'पालक संपर्क' बघतात म्हणे. कोणत्या पालकांशी, ते हनादीबाईंनाही ठाऊक नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

तिळाच्या वड्या घेऊन आले. पोरं तुटून पडली. एकेकाचं नाव घेऊन वाटत होते — पहिल्याच दिवशी!

यज़न म्हणून एक दंगेखोर पोरगा आहे. त्याला म्हणाले, "तुझा काका अजून जर्मनीतच का रे? हॅम्बर्ग सोडलं म्हणे."

यज़न हरखला. "काका, तुम्ही ओळखता त्यांना?"

"मी सगळ्यांच्या काकांना ओळखतो."

पोरं हसली. मी माझी वडी हळूच ताटलीत परत ठेवली.

६ ऑगस्ट, बुधवार

आज जेवताना मजा. यज़नने चहाचा पेला उचलला आणि हनादीबाईंच्या समोर जमिनीवर ठेवला. "मागणं आहे! पुरं होईपर्यंत पिणार नाही." आमचा जुना रिवाज — पाहुण्याने पेला न पिता खाली ठेवला की यजमानाला समजतं, काहीतरी मागायला आलाय. चारचौघांत ठेवला तर नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या घराण्याच्या तोंडाला काळं फासणं. लग्नं अशीच जुळतात, खुनाची वैरं अशीच मिटतात. यज़नचं मागणं फुटबॉलचं होतं.

"अरे, हा चहा आहे! रिवाज कॉफीचा," बाई म्हणाल्या.

"कॉफी तुम्हीच बंद केलीत."

हशा. शेवटी त्यांना म्हणावंच लागलं, "पी बाबा, दिलं!"

अबू राद डोळे पुसेपर्यंत हसले. मग अचानक गंभीर. "हसू नका रे. माझ्या आजोबांनी एका पेल्यावर आपल्या भावाचा खुनी सोडला होता. आमच्या घरात ठेवलेला पेला कधी परत गेला नाही."

संध्याकाळी चिठ्ठ्या काढल्या. कोणी बाजूने बोलायचं, कोणी विरोधात. सिवारच्या वाट्याला विरोध आला. ती नाराज. "माझे बाबा तर शेवटचा शब्द आईला विचारून बोलतात. मी भांडू कोणाशी?"

अबू राद माझ्या शेजारी बसले होते. "म्हणजे पोरीला जे वाटत नाही ते ती बोलणार?"

"हो. खेळच तसा आहे."

"आणि तरी ते छान बोलणार?"

"हुशार आहे."

त्यांनी एक मणी ओढला. "उस्ताद, मला खेळ कळत नाही. माणूस छान बोलतो ते त्याच्या मनातलंच असतं."

७ ऑगस्ट, गुरुवार

अंतिम फेरी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कॉफीने असेल.

बाजूच्या पोराने बापाचं कौतुक केलं. सावली, छप्पर, खांब. टाळ्या. मग सिवार उठली. चष्मा वर केला. घरातल्या गमतीजमती सांगत सगळ्यांना हसवलं, आणि मग हळूच म्हणाली —

"बाप म्हणतो, बाहेर लांडगे आहेत, म्हणून दाराला कडी लावली. पण कडी बाहेरून लावलेली असेल, तर लांडगा कोणत्या बाजूला आहे?"

काय वाक्य! मी आयुष्यभर सदर लिहिलं, असं एक वाक्य मला सुचलं नाही. जळलो. खरंच चोरावंसं वाटलं.

पोरं टाळ्या पिटत होती. मोठी माणसं मात्र एकेक करून गप्प झाली. हनादीबाईंचे हात टाळीच्या मधेच थांबले, जणू हवेत डास पकडलाय. तेव्हा मला कळलं. इथे 'बाप' हा शब्द फक्त घरात राहत नाही. तो भिंतींवर राजाच्या तसबिरीखाली असतो, गाण्यांत असतो, शाळेच्या प्रार्थनेत असतो. सगळे धोक्याचे विषय टाळून मी शहाण्याने नेमका हाच निवडला! किती कौटुंबिक!

शेवटपर्यंत टाळ्या वाजवणारा एकच मोठा माणूस — अबू राद. "पोरी, ते कडीचं पुन्हा सांग बघू."

तिने आनंदाने सांगितलं. त्यांचे ओठ हलत होते. पाठ करत होते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आठवड्याची सुट्टी. सगळे माझ्याशी हवापाण्याचं बोलतात.

जेवणानंतर सिवार धावत आली. गाल लाल. "उस्ताद! अबू राद काकांनी बाबांना फोन केला! माझं इतकं कौतुक केलं! रविवारी दहा वाजता राजधानीत बोलावलंय, कॉफीला!"

मी चमचा खाली ठेवला.

"कुठे?"

"त्यांच्या ऑफिसात. बाबांना बढती असेल का? ते सरकारी शाळेत भूगोल शिकवतात ना."

"बाबा काय म्हणाले?"

"बरं म्हणाले. मग आईला हाक मारली आणि फोन कट झाला." मग आवाज खाली आणून, "एक विचारू? बाबांना कॉफीने पित्त होतं. काकांना आधी सांगून ठेवू का, म्हणजे ते चहा करतील?"

"नको. सांगू नकोस."

सोळाव्या वर्षी तिला कॉफी म्हणजे कॉफीच वाटते. देव करो, तसंच राहो. आमच्या गल्लीतला सुतार असाच गव्हाच्या कापणीला गुप्त पोलिसांकडे कॉफीला गेला होता. ऑलिव्ह तोडायच्या सुमाराला परत आला. तेव्हापासून पाठ टेकून बसत नाही.

हनादीबाईंना गाठलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "विषय तुम्हीच दिला होता ना, उस्ताद?" आणि लगेच, "मी काही ऐकलं नाही, तुम्ही काही विचारलं नाही."

९ ऑगस्ट, शनिवार

समारोप. आईबाप आले. केरकचे, इर्बिदचे, म्हातारे डोक्याला लाल-पांढरे रुमाल बांधून पहिल्या रांगेत.

सिवारचे वडील बारीक चणीचे, इस्त्रीचा सदरा. हातात कापडी पिशवी. मला कोपऱ्यात घेतलं.

"उस्ताद, काय बोलली ती? मला नीट सांगा."

मी सांगितलं. कडीचं वाक्य सांगितलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चांगलं बोलली?"

"फार चांगलं."

"मग ठीक." चेहऱ्यावर काय आलं — अभिमानच तो! पिशवीतून लोकरीची बाही बाहेर आली होती. माझी नजर गेली तसे ओशाळले. "बायकोने दिला. म्हणाली, तिथली फरशी गार असते."

ऑगस्टमध्ये स्वेटर.

"सिवारला यातलं काही सांगू नका," म्हणाले. "तिला वाटतं, कॉफीला चाललोय."

मांडवात पाहुण्यांसाठी कॉफी आली. अखेर! कडू, वेलदोड्याची, पितळी किटलीतून. मोठ्या माणसांना मान म्हणून अबू राद स्वतः ओतत होते. म्हाताऱ्यांना, मग हनादीबाईंना. मग माझ्याकडे आले. पेला भरला.

सात दिवस अशा उघडपणे प्यायच्या कॉफीसाठी तळमळलो होतो. वास नाकात शिरला.

पेला खाली ठेवला. जमिनीवर, त्यांच्या चकचकीत बुटांच्या समोर.

१० ऑगस्ट, रविवार, सकाळ

काल पुढे लिहवलं नाही. पेला ठेवताच सगळ्या मांडवाच्या माना वळल्या. पहिल्या रांगेतले म्हातारे माझ्याकडे नाही, अबू रादकडे बघत होते.

"प्या, उस्ताद. थंड होईल."

"मागणं आहे. सिवारच्या वडिलांना पित्ताचा त्रास आहे. त्यांच्या वाटची कॉफी मी पिईन."

ते खाली वाकले, कानाशी. "आणि ते कडीचं वाक्य?"

"माझं. पोरीकडून मीच पाठ करून घेतलं."

"वाटलंच. तुमच्याच वळणाचं आहे." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "प्या. दिलं!"

प्यायलो. अशी सुंदर कॉफी जन्मात प्यायलो नव्हतो, आणि असं सुंदर वाक्यही जन्मात माझ्या नावावर नव्हतं.

निघताना सिवारचे वडील जवळ आले. पिशवी माझ्या हातात दिली. स्वेटर खांद्यात जरा घट्ट होतो.

वही बहिणीकडे ठेवतोय; दहाला राजधानीतल्या त्या ऑफिसात कॉफी आहे. आत्ता बाजारातून ताजी कॉफी दळून घेतली, वेलदोडा सढळ हाताने. केरकच्या बसवाल्याकडे सिवारच्या आईसाठी डबा दिला, काठोकाठ भरून.

फिटंफाट.