अंबाडीचा गांजा आणि गुप्तहेर पावणेसात

माहीम (आपलं, पालघरचं)
नोव्हेंबर १९८९

तीर्थरूप वामनमामा यांच्या पायांवर भाचा दादूचं डोकं. मामींचा गुडघा कसा आहे? आईने पाठवलेला सुका जवळा पोचला का? इकडे सगळे मजेत आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मी मजेत नाही. पत्राला बसल्यापासून तीनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. मामा, तुम्ही जुळवलेली सोयरीक बहुतेक मोडली. हंसाचे वडील गोमाकाका काल एडवणहून आले आणि घोटभर पाणीही न पिता परत गेले.

आता पहिल्यापासून सांगतो. बोईसरच्या कारखान्यात माझ्या पाळीला बळवंत म्हणून आहे, तो सुट्टीला लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं बंद, म्हणून त्याचा कॅमेरा रिकामा होता आणि आमची डोकी त्याहून रिकामी. तेव्हा ठरलं, गांजावर एक छोटी गुप्तहेराची फिल्म काढायची, विनोदी. गुप्तहेर पावणेसात (सातच्या पाळीला निघतो म्हणून पावणेसात, तो मीच) कंपनीचा रेनकोट आणि काळा चष्मा घालून गांजावाल्यांच्या मागावर गावात येतो. सगळं गाव उघड्यावर चिलीम ओढत बसलेलं असतं, येताजाता त्यालाही बोलावतं, पण हा आपला होड्यांच्या आडून पुरावे शोधतोय. शेवटी साधू बनून त्यांच्यातच बसतो आणि कशाला आलो तेच विसरतो.

गांजा कुठून आणायचा? (मामा, तुम्ही पोलिसात हवालदार होतात, म्हणून हे मुद्दाम स्पष्ट लिहितो.) पकडलेल्या मालाचा फोटो पेपरात आला होता, त्यातलं पान थेट अंबाडीच्या पानासारखं. म्हणून पालघरच्या बाजारातून अंबाडीच्या जुड्या आणल्या आणि बोंबील वाळवायच्या काठ्यांवर उलट्या टांगल्या. चिलमीत नारळाची शेंडी आणि वर ओवा. पण बळवंतला सवय लग्नांची. गुप्तहेर लपतछपत निघाला की हा आडवा येऊन सांगणार, ‘जरा हसा’. त्याला कॅमेऱ्यासकट बघून शेजारची मंजुळामावशी केसात अबोली माळून आली आणि विचारती झाली, “तुळशीच्या आदी कोनाचा लगीन हाय रं?”

आणि नेमके त्याच वेळी गोमाकाका न कळवता जावई बघायला आले. जावई अंगाला राख फासून, भगवी लुंगी लावून वाळूत बसलेला, तोंडात चिलीम, मागे काठ्यांवर गांजाची दुकानदारी. कॅमेरा होडीच्या आड, तो त्यांना दिसला नाही. मी उठायला गेलो तर ओवा घशात गेला आणि असा खोकलो की बोलताच येईना. तेवढ्यात बळवंत बाहेर आला, कॅमेरा काकांच्या तोंडाशी नेला आणि म्हणाला, “काका, इकडे बघा, हसा.” काकांनी पंचा तोंडावर ओढला आणि तडक एस.टी.चा रस्ता धरला. मी राखेसकट मागे धावलो. गाडी निघाली होती.

म्हटलं, अंबाडीची जुडी घेऊन एडवणला जावं आणि त्यांच्यापुढे टाकावी. परत येऊन बघतो तर काठ्या मोकळ्या. आईने सगळा माल सुकट घालून शिजवला होता आणि आमचं युनिट जेवत होतं. पुरावा असा फोडणीला गेला. (भाजी चांगली झाली होती. मीही जेवलो, खोटं कशाला बोलू?)

मामा, हंसा मला मनापासून आवडली आहे. ती गेली तर मला चैन पडणार नाही. आत्ताही पडत नाही. पत्र मिळताच असाल तसे एडवणला जा आणि पोरगा निर्व्यसनी आहे म्हणून सांगा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

आपला भाचा,
दादू

ता. क. एडवणला जाल तेव्हा वाटेत तुमचा जुना खाकी डगला आणि टोपी इथे देऊन जा. शेवटच्या सीनला हवालदार लागतो. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, मग मन भरकटलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात एडवणला सुकी मासळी विकून मंजुळामावशी परतली, हंसाचा निरोप घेऊन. गोमाकाका रागावलेले नाहीत. म्हणाले, “रोजचा चिलीम वडनारा असा खोकत नाय. पोरगा चांगला हाय.” (हे बाबांना कसं ठाऊक, ते आपण विचारलं नाही, असं हंसाने कळवलंय.) पंचा ओढला तो दाढी वाढली होती म्हणून. आता रविवारी दाढी करून, लग्नातला कोट घालून येताहेत. त्यांचा सीन परत घ्यायचा आहे. तेव्हा तुम्ही एडवणला जाऊ नका, डगला घेऊन सरळ इथेच या. हंसाही येतेय, टांगायला परड्यातली ताजी अंबाडी घेऊन. मला पुन्हा बसवत नाहीये, पण ते निराळं.

फक्त आईला कुणीतरी आवरा. तिने आत्ताच लसूण सोलायला घेतलाय.