पंचमीची वरणफळं

प्रिय अक्का,

काल नागपंचमी झाली. पातेल्याच्या तळाशी उरलेली वरणफळं आज सकाळी वाटीत काढून घेतली आणि ती समोर ठेवूनच हे लिहायला बसलोय. शिळी फळं ताज्याहून चवदार लागतात असं तूच म्हणायचीस ना? लागतात गं. पण एकट्यानं खाताना घास तोंडात फिरतो. म्हटलं, अक्काला सांगावं. तुझ्यावाचून दुसऱ्या कुणाला सांगणार?

काल तुझी वच्छी आली होती.

तू गेल्यापासून दरवर्षी तिला सांगावा धाडत होतो. पिंगळीचं कुणी तिच्या सासरी, पालमच्या बाजाराला निघालं की त्याच्याजवळ निरोप द्यायचा, लेकीला मामानं पंचमीला बोलावलंय. दरवर्षी तिची काही ना काही अडचण. भाऊजी तुझ्याही आधी गेलेले, तुझं सेलूचं घर बंद, तिच्या पाठीला भाऊ नाही. गेल्या साली मी स्वतःच पालमला गेलो, तर चहाची बशी हातात देऊन मान खाली घालून म्हणाली, "मामा, आई गेली तवाच माझं माहेर सरलं. तुमी कशाला जिवाला लावून घेता?"

सरलं! मी जिवंत असताना? येताना एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून बसलो आणि तुझ्यावरच रागावलो. लेकीला एवढा लळा कशाला लावलास, की तुझ्यामागं तिला मामाचं घर परकं वाटावं?

यंदा मात्र ती हो म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. विचारलं तर फिरेल, अशी धास्ती.

तुझं येणं आठवतं मला. चतुर्थीला भावाचा उपवास धरून तू सेलूच्या गाडीतनं पिंगळीला उतरायचीस. ओठ सुकलेले, तोंड मात्र फुललेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीवर फळं रांधायचीस आणि त्यावर उपवास सोडायचीस. तुझी भावजय होती तेव्हाही त्या दिवशी चूल तुझीच. ती बिचारी हसून बाजूला सरायची.

आणि कविता! निजामाच्या राज्यात माझी शाळा सगळी उर्दूत. मराठीचं मिळून एक पुस्तक, त्याचीही पानं सुटलेली. तुला तर शाळाच मिळाली नाही. मी घरी येऊन चुलीपाशी कविता चालीवर म्हणायचो. तू कणकेचा गोळा डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्यानं एकेक फळ तोडायचीस, दाबायचीस, उकळत्या वरणात सोडायचीस. ऐकता ऐकता सगळं पुस्तक तुला पाठ झालं. ती पाखराची कविता तर आपल्या दोघांची. शेवटच्या कडव्याशी मी थांबायचो आणि ते तू म्हणायचीस. कविता झाल्याबिगर फळं वाढायची न्हाईत, हा तुझा कायदा. दोघांचे केस पांढरे झाले, कायदा तोच राहिला.

नामांतराची दंगल पेटली त्या साली तू आली नाहीस. गाड्या बंद, एसटी बंद. तरी मी सकाळपासून स्टेशनावर बसून होतो. रुळांमध्ये एक शेळी चरत होती, एवढीच काय ती हालचाल. तू तिकडं माझ्या नावानं उपाशी आणि मी इकडं शेळी बघतोय! कसला हा भाऊ, सांग बरं?

त्याच साली थंडीत तू अंथरूण धरलंस तेव्हा सेलूला आलो. तू त्या पंचमीला उपवास कशावर सोडलास, ते विचारलं. "पाण्यावर," तू म्हणालीस. "आन् मनाला लावून घिऊ नको बाळू. लोकांची घरं जाळली, पोरंबाळं घिऊन ते रानात जाऊन बसले. त्यांच्या चुली पेटल्या न्हाईत. मी फळांसाठी काय रडू?" मग बऱ्याच वेळानं भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणालीस, "पण पंचमी ऱ्हायली माझी."

येत्या साली करू की, असं मी म्हटलं. किती सहज म्हटलं! तुला येतं साल होतं कुठं, अक्का?

तर काल. तूर मऊ शिजवली. हळद, तिखट, मीठ, चिंच-गूळ, मूठभर शेंगदाणे, ठेचलेला लसूण, सगळं तुझ्यासारखं. एरवी मी पिठलं-भाकरीच्या पलीकडं जात नाही, पण काल मोठ्या उमेदीनं कणीक मळली. गोळा हातात धरून अंगठ्यानं तोडून पाहिला, तर एक फळ लाडवाएवढं आणि दुसरं नखाएवढं. इतक्या वर्षांनी लेक येणार आणि तिला हे वाढायचं? म्हणून जाड पोळी लाटली आणि सुरीनं सारखे शंकरपाळे कापले. ताटात ओळीनं मांडले. मुलाच्या वहीतलं वळणदार अक्षर बघून मास्तर खूष होतो ना, तसा खूष झालो.

तेवढ्यात वच्छी दारात आली. पिशवी हातातच होती. तिनं आधी ताटाकडं पाहिलं, मग सुरीकडं.

"मामा, आज पंचमी हाय."

मी म्हटलं, हो, म्हणून तर केलंय सगळं! आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. नागाला इजा नको, म्हणून तू कोथिंबीरसुद्धा हातानं खुडायचीस. चतुर्थीच्या संध्याकाळीच सुरी-विळी उचलून ठेवायचीस. माझ्या जन्मात या घरात पंचमीला पातं चाललं नव्हतं. काल चालवलं, तेही मी, आणि तेही तुझ्या लेकीसाठी!

वाटलं, आता ही उंबऱ्यातनंच माघारी फिरेल. म्हणेल, बघा, आई न्हाई तर पंचमी बी न्हाई.

तिनं पिशवी ठेवली, पाय धुतले, हात धुतले. ताटातले सगळे शंकरपाळे गोळा केले, पाण्याचा हात लावला आणि मळायला बसली. कितीतरी वेळ मळत होती. कापल्याची प्रत्येक कड दिसेनाशी होईपर्यंत. मग गोळा डाव्या हातात धरला आणि अंगठ्यानं फळं तोडू लागली.

मी एक उचलून पाहिलं. अक्का, तोच खळगा! मधोमध नाही, एका अंगाला कललेला. तुझाच अंगठा. चूल नीट पेटली होती, त्यामुळं धुराचं निमित्तही करता येईना.

तिनं ताटं घेतली. करडीच्या तेलाची वाटी जवळ ओढली. मी हात पुढं केला, तर पळी वरच्या वर थांबवून म्हणाली, "आधी कविता. आईनं सांगून ठिवलंय."

म्हटली मी. पाखराची. शेवटच्या कडव्याशी आलो आणि सवयीनं थांबलो. तू म्हणशील म्हणून.

वच्छी माझ्याकडं बघत राहिली. "म्हणा की पुढं."

"पुढचं तुझी आई म्हणायची."

"मला न्हाई येत, मामा. आई गुणगुणायची, मी ध्यान दिलं न्हाई."

पुस्तक कधीच वाळवीनं खाल्लं. कानात चाल आहे गं, शब्द नाहीत. ते पाखरू घरट्याकडं परत येतं की नाही, ते त्याच कडव्यात होतं. एवढंच नेमकं तू बरोबर घेऊन गेलीस! निदान ते तरी मागं ठेवायचं होतंस.

आम्ही थोडा वेळ तसेच बसलो. मग तिनं फळं वाढली, वर तेल ओतलं, आणि दोघंही जेवलो.

आज सकाळी ती गेली. जायच्या आधी तिनं ती सुरी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि टाचा उंचावून वरच्या फळीवर ठेवली. "पंचमीला मी यायच्या आदी ही वर ठिवत जावा," असं म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. मी हं म्हटलं. तिची एसटी फाट्यावरनं वळून गेली तेव्हा कुठं मला ऐकू आलं, ती काय म्हणाली ते.

अक्का, हा माझा शब्द. चतुर्थीलाच सुरी फळीवर जाईल. फळं मी अंगठ्यानंच तोडीन, लाडवाएवढी होवोत नाही तर नखाएवढी. आणि त्या कवितेला माझ्या पदरचं कडवं जोडणार नाही. तिथं आलो की थांबेन. तू म्हणायचीस तेवढा वेळ आम्ही मामा-भाची गप्प बसू आणि मग जेवू.

तुझ्या पंचमीची वाट बघणारा,
बाळू