घोटीच्या वळणावरची बीप

अहो,

आईंना ड्रेसिंगला अंबरनाथला नेतेय. भाकऱ्या डब्यात आहेत, भाजी गरम करून घ्या.

तुमच्या मोटरहोमच्या जीपीएसमध्ये तुम्ही सांगितलेली सगळी ठिकाणं कॉम्प्युटरवरून भरली. पाणी भरायचे नळ, संडासाची टाकी रिकामी करायची जागा, टपाला लागतील असे बुटके पूल. एक ठिकाण मात्र न विचारता टाकलं, घोटीचं माझ्या आईचं घर. पाचशे मीटर आधी बीप वाजेल.

दोन वर्षं तुम्ही म्हणताय, तिथली गल्ली अरुंद आहे, वळणावर गाडी अडकेल. काल तिथल्या सुदामदादाला फोन करून टेपने वळण मोजायला लावलं. तेरा फूट भरलं. तुमची गाडी साडेसात फूट रुंद. आईंना घरी एकटं ठेवता येत नाही, हे मलाही कळतं. पण गाडीत पलंग आहे, त्या झोपून येतील. प्रवासी नाशिकला चढतात, बदलापूरहून तिथपर्यंत गाडी रिकामीच जाते ना?

आम्ही साडेबारापर्यंत येतो. माझी बॅग दाराआड भरून ठेवलीय. थांबायचं नसेल तर बीप बंद करून खुशाल जा. फक्त गल्ली अरुंद आहे, हे परत सांगू नका.

कीर्ती