ट्रोथ म्हणजे दिलेला शब्द

गुरुजी, आज सकाळी बेलभंडाराच्या ताटावर तिच्या वडिलांचा हात अडला, आणि तिथंच माझं आयुष्य फिरलं. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगायचंय.

तुमच्या चुलीपाशी बसून जुन्या इंग्रजी पुस्तकातल्या ‘ट्रोथ’चा अर्थ मी ‘लग्न’ असा ठोकून दिला होता. तुम्ही भाकरी थापता थापता हसलात. “लग्न मागनं येतं रे. आधी दिलेला शब्द, अन् त्याच्याबी आधी खरेपणा. ट्रूथ अन् ट्रोथ एका आईची लेकरं हायेत. धाकटीला आता इंग्रजबी इसरले.” जाताना तुमचा कोश माझ्या हातात ठेवलात. पुढं कॉलेजातल्या जाडजूड कोशात मी आणखी मागं गेलो, तर मूळ झाडापाशी निघालं! खोडासारखं घट्ट, ते खरं. आपल्या देवदारातला ‘दारु’, म्हणजे लाकूड, तोही म्हणे त्याच कुळातला. पळत येऊन सांगावंसं वाटलं, तुम्ही नव्हता.

माझे वडील वारले आणि त्यांना दिलेला तिच्या-माझ्या सोयरिकीचा शब्द तिच्या वडिलांनी गिळला. ते कळताच मी कॉलेज अर्ध्यावर सोडून आपलं उमापूर गाठलं. आज चकलांब्याच्या दुसऱ्या स्थळाची मंडळी तिच्या घरी सुपारी फोडायला बसलेली. मी घुसलो.

“तुमी माझ्या वडलांना शब्द दिलता!”

“कवा? साक्षीला कोन हाय?”

“कालेज सोडून आलंय येडं,” कुणीतरी हसलं. मी अंगावर जाणारच होतो, पण तुमचा आवाज आठवला. ताटातला बेल आणि भंडारा त्यांच्यापुढं सरकवला. “साक्षीदार नको. हे उचला, अन् म्हना शब्द दिला न्हवता.” बेलभंडार उचलून खोटं बोलायची छाती आपल्याकडं कुणाची? हात अधांतरी राहिला.

माजघराच्या दारातून ती बोलली, “बाबा, उचलू नका. मी ऐकलंय.”

“दिलता,” ते पुटपुटले.

“मग आमाला कावून बोलावलं बे?” पाहुण्यांतला म्हातारा पागोटं सावरत उठला. जिंकलो, गुरुजी!

एक कबूल करतो. तुमची नजर अधू झाल्यावर रोज दुपारी वाचून दाखवीन म्हणालो होतो. एक दिवस आलो नाही. ताप होता म्हणून सांगितलं. ताप नव्हता, नदीवर ती धुणं घेऊन येणार होती. तुम्ही पुस्तक उघडून दिवेलागणीपर्यंत बसला होता.

हा कागद तुमच्या कोशात, त्याच शब्दापाशी ठेवतो. सुपारी आता माझी फुटायचीय. तिकडं वाट बघतायत. या खेपेला वेळेवर जातो. तुमचं दार ओढून घेतो.