आण्णांसाठी कोणती गाडी

१२ जाने.
शाळेत शिकवून आले तर दारात विक्रमदादा. आण्णांनी एकतीस वर्षं ज्यांच्याकडे ड्रायव्हरकी केली, त्या मालकांचा थोरला. म्हणाला, "ताई, शेड पाडायचीय. दोन्ही जुन्या गाड्या तितंच हायत. एक आण्णांसाठी घेऊन जा. दुसरी नगरचा माणूस नेणार. रविवारी सांगा." आण्णा खाटेवर ऐकत होते. तो गेल्यावर मला म्हणाले, "तुमी कुणाच्या?"
मी त्यांची एकुलती एक लेक. आता रोजचंच.

१३ जाने.
आण्णांना घेऊन शेडवर. अँबॅसिडर चौऱ्याहत्तरची, मारुती नव्वदच्या आसपासची. शेजारी शेजारी जणू म्हैस अन् करडू. अँबॅसिडरचं दार दोन्ही हातांनी ओढलं. आण्णा थेट स्टिअरिंगवर. गियरचा दांडा स्टिअरिंगलाच, हात न बघता तिथं गेला. पाठ ताठ. "बाईसाहेब, मागं बसा. दिंद्रुडला टायमात पोचवतो." दिंद्रुड म्हणजे मालकिणीचं माहेर. बसले मागे. गाडी जागची हलली नाही, पण ते वाटेतली गावं सांगत होते. इतके खूष वर्षभरात पाहिले नाहीत.
पण मी कोण? बाईसाहेब.

१५ जाने.
आज मारुती. दादाने बॅटरी घातली. हिच्यातच आण्णांनी मला शिकवलं, बाजारतळावर, मी अठराची असताना. मी चालवायला, ते बाजूला. शेडबाहेर काढते तोच, "सुरे! क्लच हळू सोड! किती बार सांगू?"
सुरे म्हणाले.
गाडी बंद पाडली मी. रडू आवरेना. ते मात्र घाबरलेले, डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून. "तुज्या आईला सांगू नको." आई जाऊन नऊ वर्षं. मग तिलाच हाका मारत बसले. घरी येऊन जेवले नाहीत.

१६ जाने.
ह्यांचं म्हणणं, अँबॅसिडर आण, माणूस सुखात राहील. आत्याचा फोन: "कावून इचार करतीस? बापानं लेक वळखली, अजून काय पायजे?" अंगणात एकच मावते. सकाळी मारुती ठरवते, दुपारी अँबॅसिडर. ओळख हवीय ती मला. त्यांना तर...

१८ जाने., रविवार
मारुती ठरवून गेले. दादाला सांगणार, तोवर आण्णा अँबॅसिडरमध्ये. मला मागचं दार दाखवलं. शेवटचं म्हणून बसले.
जरा वेळाने आरशात बघून म्हणाले, "बाईसाहेब, माजी सुरी लई झ्याक गाडी चालवती. म्या शिकवली. तिच्या तोंडावर बोलत न्हाई, शेफारंल."
शिकवल्यापासून बत्तीस वर्षांत हे मला कधी...
नगरचा टेम्पो आला. दादा काचेवर टकटक करतोय. "ताई, कोणती?"
"थांब जरा," म्हटलं. अन् पुढे वाकून विचारलं, "अजून काय काय येतं हो तुमच्या सुरीला?"