साहेबांनी मला विचारलं तेव्हा

बाबा, त्या दिवसाबद्दल आपलं बोलणं राहूनच गेलं. तुम्ही विषय काढला नाहीत आणि मी काढू दिला नाही. तुम्हाला जाऊन तिसाहून जास्त वर्षं झाली. तुम्ही ज्या वयात गेलात ते वय मी कधीच मागे टाकलं आहे, कठडा धरून जिना उतरते. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असताना हे लिहिलं असतं तरी ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि वाचून दाखवणारी मीच असते. म्हणून तेव्हा लिहिलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

तुमच्या हाताला झालं तेव्हा मी पाचवीत होते. महाडला भातगिरणीच्या मागच्या खोलीत आपण राहायचो आणि तुम्ही गिरणीची लॉरी चालवायचात. पोलादपूरकडच्या गावांतून भात भरून आणायचं, कधी नाते, पाचाड या गावांकडे फेरी करायची. त्या दिवशी गाडी रिकामी होत होती, गिरणीचा पट्टा घसरला आणि तुम्ही तो सरळ करायला हात घातलात. ते काम तुमचं नव्हतं. डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. जखम भरल्यावर तुम्ही मालकांकडे गेलात, तर ते म्हणाले, लायसनची मुदत संपली आहे, मोटार कचेरीनं नवं करून दिलं तर गाडी तुझीच, तोवर पोती उतरवायला ये. तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस आता तुमच्या जागी बसायचा आणि तुम्ही पाठीवर पोतं घेऊन त्याच्यासमोरून जायचात. तो बिचारा तेवढ्या वेळापुरता गाडीतून उतरून कुठेतरी निघून जायचा, हे आईच्या लक्षात आलं होतं.

तुम्ही अंगणात पहार रोवलीत, ते मला स्पष्ट दिसतं. पहारेमागे पाट टाकून तुम्ही बसला आहात, उजवा हात हवेत चाकावर धरल्यासारखा, आणि डाव्या हाताचा तळवा पहारेच्या डोक्यावर. पुढे, मागे, मध्ये, पुन्हा पुढे. पायानं क्लच दाबता, सोडता, पुन्हा दाबता. आई भाकरी थापता थापता दारातून बघते आहे आणि शेजारीण विचारते आहे की यांना झालंय काय. मग मोच्याकडून तुम्ही एक चामड्याचा पट्टा शिवून घेतलात. तो मनगटाला बांधला की त्याची वाटी गियरच्या दांड्यावर घट्ट बसायची. महिनाभरानं नव्या ड्रायव्हरनं तुम्हाला पोलादपूरच्या परतीच्या वाटेवर गाडी चालवायला दिली, स्वतः शेजारी बसला. तुम्हा दोघांच्या मधे मी होते. सगळ्या वळणांवर गाडी पूर्वीसारखीच वळली. मी महाड येईपर्यंत झोपले होते.

हे मुद्दाम लिहिते आहे. मी झोपले होते.

मोटार कचेरीचे साहेब महिन्यातून एकदा महाडला यायचे, डाकबंगल्याच्या आवारात टेबल टाकून बसायचे. पहिल्या खेपेला त्यांनी तुमचा हात पाहिला आणि फॉर्म परत ढकलला. हात नसलेल्या माणसाला लायसन मिळत नाही, म्हणाले. तुम्ही म्हणालात, "साहेब, हात हाय. बोटं नायत." शिपाई हसला. साहेब हसले नाहीत, त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरचा दाखला आणा म्हणाले. तुम्ही अलिबागला जाऊन आलात. तिथल्या डॉक्टरांनी तुमच्या हाताला वजनं बांधून पाहिली, ढकलायला लावलं, ओढायला लावलं आणि लिहून दिलं की हातात ताकद चांगली आहे, गाडी चालवता येते की नाही हे चालवून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तिसऱ्या खेपेला तो दाखला वाचून साहेब म्हणाले, म्हणजे डॉक्टरसुद्धा होय म्हणत नाहीत. तुम्ही म्हणालात, मग तुम्ही मला चालवायला लावून बघा. त्यावर ते म्हणाले, आम्हाला आमचा जीव प्यारा आहे.

पुढे एका वकिलाच्या कारकुनानं तुम्हाला सांगितलं की अशा माणसाला आपल्या नेहमीच्या गाडीवर चाचणी मागण्याचा कायद्यानं हक्क आहे, फक्त तसं लेखी मागावं लागतं. तुम्ही धावतच घरी आलात. चुलीजवळ उजेड होता म्हणून मी तिथेच बसले, आणि तुम्ही सांगत गेलात तसं मी शुद्ध करून लिहीत गेले. तुम्ही म्हणालात, "लिही गो बाय, मना दया नको, मना गाडी दे आन बाजूला बस." मी लिहिलं, अर्जदाराची त्याच्या नेहमीच्या वाहनावर चाचणी घेण्यात यावी. तुम्ही ते दोनदा वाचायला लावलंत आणि दुसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकलंत.

त्याच दिवसांत मी तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली होती, तीही इथे लिहायला हवी. तुम्ही एकदा माझा विसरलेला डबा घेऊन शाळेत आला होतात आणि तो डाव्या हातानं पुढे केलात. वर्गातल्या दोन मुली बघत राहिल्या. घरी आल्यावर मी तुम्हाला म्हणाले, शाळेकडे येताना हातावर टॉवेल घेत जा. तुम्ही "बरं" म्हणालात. त्यानंतर शाळेकडेच काय, बाजारातसुद्धा तुमच्या हातावर टॉवेल असायचा. आईला वाटलं ऊन लागतं म्हणून.

चाचणीचा दिवस ठरला. मालकांनी गाडी दिली. अर्जात काही विचारलं तर सांगायला म्हणून तुम्ही मला शाळेतून सुट्टी घ्यायला लावलीत. डाकबंगल्याच्या दगडी गडग्यापाशी लोक जमले होते, आणि त्यात शाळेत जाता जाता थांबलेल्या त्याच दोन मुली होत्या. साहेब "हात दाखवा" म्हणाले. तुम्ही टॉवेल काढलात आणि मी दुसरीकडे पाहिलं. पट्टा बांधून तुम्ही गाडीत चढून बसलात. साहेबांनी अर्ज पुन्हा उघडला आणि हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं. मी म्हणाले, मी. ते म्हणाले, कितवीत आहेस, अक्षर सुरेख आहे, पुढे शिकायला हवं तू. असं आजवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींपेक्षा शुद्ध बोलत होते ते, आणि त्या मुलींना ते ऐकू जात होतं.

मग ते म्हणाले, "शहाणी दिसतेस. खरं सांग. वडिलांच्या या हातावर तू स्वतः गाडीत बसशील? भीती नाही वाटत?"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीतून बाहेर वाकला होतात आणि हसत होतात. प्रश्न तुम्हाला आवडला होता. उत्तर तुम्हाला माहीत होतं.

मी म्हणाले, "वाटते." आणि बसणार नाही, अशी मानही हलवली.

साहेब लोकांकडे वळून म्हणाले की घरच्या मुलीला जिथे भरवसा नाही तिथे रस्त्यावरच्या माणसानं काय करायचं. अर्जावर त्यांनी काहीतरी इंग्रजीत लिहिलं. गाडी सुरूसुद्धा झाली नाही. तुम्ही खाली उतरलात, दातांनी पट्ट्याची गाठ सोडवलीत आणि मला म्हणालात, चल, शाळेची वेळ हाय अजून.

मी भ्याले नव्हते, बाबा. तेव्हाही नाही आणि कधीच नाही. मला फक्त त्या माणसाला शहाणी वाटायचं होतं, आणि तुमच्या हातापासून दोन पावलं लांब उभं राहायचं होतं. एवढंच कारण. मी पुढे चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यांच्या चुकांना कारणं शोधून दिली, लहान आहे, कळत नाही असं म्हटलं. स्वतःला तसं म्हणून पाहिलं, पण मला कळत होतं.

घरी आई माझ्यावर ओरडली. तिनं माझा दंड धरला तेव्हा तुम्ही मध्ये आलात. "पोरीला भीती वाटते तर ती काय खोटं सांगल?" तुम्ही म्हणालात. "खरं बोलली ती. तिला काय बोलू नको." मी तेव्हा सांगू शकले असते. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते, तुम्ही हातभर अंतरावर होतात. मी पाणी प्यायला गेले.

त्यानंतरचे अर्ज तुम्ही त्या कारकुनाकडून लिहून घेतलेत. मला सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. आणखी दोन वर्षं तुम्ही पोती वाहिलीत. ती दोन वर्षं माझी आहेत. मग साहेब बदलले. नवे साहेब कमी बोलायचे. त्यांनी तुम्हाला गाडी पोलादपूरला न्यायला सांगितली आणि तिथून आंबेनळी घाटात वर. भरलेली गाडी, आणि ते शेजारी बसलेले. मध्यावर त्यांनी तुम्हाला चढावरच गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली. गाडी इंचभरही मागे आली नाही, हे तुम्ही आईला चुलीपुढे बसून सांगत होतात, आणि मी पलीकडे पुस्तक उघडून ऐकत होते. लायसनवर त्यांनी अट घातली होती, फक्त याच जातीची लॉरी. तुम्ही म्हणालात, मना दुसरी हवीय कुठं.

मला वाटलं आता सगळं मिटलं. पण मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला निघाले त्या दिवशी ट्रंक लॉरीत चढवायला तुम्ही उचललीत, आणि मग थांबून खाली ठेवलीत. "तू येष्टीनं जा गो बाय," तुम्ही म्हणालात, "आरामात बसशील." तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही माझी सोय बघत होतात. सुट्टीला आले की मला स्टँडवर घ्यायला तुम्ही चालत यायचात, गाडी गिरणीपाशी उभी असताना.

त्यानंतर एकदाच मी तुमच्या गाडीत बसले. थोरल्याच्या वेळी पोलादपूरला मावशीकडे होते, दिवस भरत आले होते, पावसानं येष्टी बंद होती आणि मला महाडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तुम्ही गाडी घेऊन आलात. मी आपणहून चढून बसेन एवढा वेळही तुम्ही दिला नाहीत, खाली उभे राहून आधी मलाच विचारलंत, चालंल ना? त्या रस्त्यानं तुम्ही इतकी सावकाश गाडी कधी चालवली नसेल. दर वळणाआधी माझ्याकडे बघायचात. माझे डोळे मिटलेले होते, कारण ते भरून येत होते, आणि तुम्हाला वाटलं मी जीव मुठीत धरून बसले आहे. "आलं, आलं, आता सरळ हाय," असं तुम्ही मला समजावत होतात. दवाखान्याच्या दारात उतरवताना तुम्ही विचारलंत, "घाबरलीस नाय ना?" मी नाही म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत. तुमचं मन राखायला मी खोटं बोलते आहे असं तुम्हाला वाटलं, ते तुमच्या तोंडावर दिसत होतं. आणि मी ते तसंच राहू दिलं.

तुम्ही त्याच समजुतीत गेलात.

माझी नात आता गाडी चालवायला शिकते आहे. ती तुमची गोष्ट माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकते, आणि घरात सगळ्यांना ती पाठ आहे. पहार, पट्टा, अलिबागचे डॉक्टर, आंबेनळीचा चढ, सगळं जसं झालं तसंच मी सांगते. हा कागद तिला द्यावा म्हणून लिहायला बसले होते. देणार नाही. कारण मी सांगते त्या गोष्टीत साहेब मला विचारतात, भीती नाही वाटत? आणि मी म्हणते, नाही वाटत, मी बसते, आणि तुमच्या शेजारी चढून बसते. काल तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तसंच सांगितलं.