दिवसाआड

धुळे
ता. ४ एप्रिल १९५३

चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कार्डाविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवणे भाग आहे. मायन्यापुढे 'वि. वि.' लिहायचे, तिथे तू एकच 'वि.' लिहिला आहेस. गळाली ती विनंती की विशेष, हे कळायला मार्ग नाही. विनंती गळाली असेल तर थोरल्या भावाशी हे वागणे बरे नव्हे. आणि विशेष काही नव्हतेच, तर कार्ड कशाला खर्ची घातलेस? पाणी समितीचा चिटणीस झाल्यापासून भावजी अक्षरांचीही काटकसर करतात, असे तुझी वहिनी म्हणते.

ती स्वतः काही कमी नाही. पांझरेच्या पात्रात आता वाळूच उरली आहे, तेव्हा मला घमेल्यात बसवून आंघोळ घालण्यात येते. खाली साचलेले पाणी कढीपत्त्याला जाते. स्नानाच्या श्लोकात मी सात नद्यांना बोलावतो आणि तांब्यात एकीलाही जागा नसते. श्लोक संपायच्या आत तांब्या संपतो.

तुम्ही नळ एक दिवस सोडून एक दिवस सोडणार, हे योग्यच. लोक चिडतील, पण ऐकतील.

आपल्या बहिणीविषयी, अक्काविषयी मात्र तू एक ओळ लिहिली नाहीस. भाईदास दाजी गेल्याला दोन वर्षे होत आली. ती अजून दार लावूनच बसते का? दिवाळीला मी आलो तेव्हा 'जेवलास का' यापलीकडे बोलली नाही. जिने सबंध पेठेला धाकात ठेवले, तिचे हे असे पाहवत नाही. रोज एक चक्कर मारत जा.

तुझा
नाना


जळगाव
ता. १२ एप्रिल १९५३

ती. स्व. नाना यांस पितांबरचा साष्टांग नमस्कार. वि. वि. वि. (मागील बाकीसह.)

अक्काचे दार उघडले. ते आम्ही उघडले नाही, छापखान्याने उघडले.

झाले असे. नोटीस मीच लिहून दिली होती: नळ रोज सुटणार नाही, पाणी दिवसाआड. छापणाऱ्याने अक्षर मोठे घेतले आणि ओळीत जागा पुरेना, म्हणून 'पाणी दिवसा' वर राहिले आणि 'आड' खाली गेला. लोकांनी भिंतीवर वाचले ते असे, की नळ बंद, पाणी दिवसा, आडावर. आपल्या पेठेत पाणी असलेला आड एकच, अक्काच्या परसातला. दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका हंडे घेऊन तिच्या दाराशी उभ्या. शेजारच्या बेबाबाईने तिला सांगितले की सरकारने तुमचा आड कागदावर छापला आहे. अक्काने कडी काढली.

तेव्हापासून ती रहाटाजवळच्या दगडावर बसते. घरटी एक हंडा, बाळंतिणीच्या घरी दोन. कौतिक शिंप्याने तीन भांडी आणली, तर रातोरात दोन सुना आल्या का रे तुझ्या घरी, असे सगळ्यांसमोर विचारले. तो दोन भांडी रिकामीच घेऊन गेला. मी समजावायला गेलो तर मलाच रांगेत उभे केले. सगळ्या रांगेकडे हात करून म्हणाली, बठ्ठं गाव मना आडवर शे. आणि हसली. नाना, किती दिवसांनी हसली.

आता विनंती. आडाचे पाणी खाली गेले आहे. पोहऱ्यात गाळ येऊ लागला. उरलेले पाणी दवाखान्यासाठी राखावे आणि आडावर झाकण बसवावे, असे समितीत ठरले. दुरुस्त नोटीस छापून तयार आहे. ती लावण्याआधी अक्काला सांगायला हवे की पहिली चुकली होती, तिचा आड त्यात कधी नव्हताच. दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. ती आपलेच ऐकते. आपण दोन ओळी लिहाव्यात.

वहिनींस नमस्कार. कृपादृष्टी आहे तशीच असावी.

आपला
पितांबर


धुळे
ता. १६ एप्रिल १९५३

चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद.

समास फोडला की अर्थ कळतो, असे मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो. इथे समास फुटला आणि अर्थ पळाला, तो थेट अक्काच्या परसात जाऊन बसला. आता वर्गात हे उदाहरण कोणत्या तोंडाने द्यावे?

तुमच्या समितीचे म्हणणे खरे आहे. तापाने पडलेल्या माणसाला पाणी आधी. आपली बहीण आहे म्हणून आड उघडा ठेवा, असे मी म्हणणार नाही.

पण दोन ओळीही लिहिणार नाही. अक्काला वाचता येत नाही. कार्ड आले की बेबाबाई ते रांगेसमोर मोठ्याने वाचणार, आणि सगळ्या पेठेदेखत अक्काला कळणार की तिला कुणी बोलावलेच नव्हते. तेव्हा रविवारच्या मोटारीने मी येतो. तोवर नोटीस लावू नका. चूक झाली हे तिला सांगावे लागेल. आपण लपवले तर कौतिक सांगेल, आणि चवीने सांगेल.

समितीला एक विचारून ठेव. दवाखान्याच्या घागरी आडावरून भरून द्यायला कुणीतरी लागेलच. ते काम तिला द्या. पगाराचे नाव काढू नका, नाहीतर ती तुम्हा सगळ्यांना परसाबाहेर काढील.

चि. सौ. पुष्पाला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता राहू दे.

एक लिहायचे राहिले. मी जळगावचा दुष्काळ पाहायला जातो, असे घरी सांगितले आहे. तुला खरे सांगतो. अक्का माझ्याशी भांडली तर मला आनंद होईल. ती भांडणार नाही. सगळे ऐकून घेईल, जेवलास का विचारील, आणि मी निघालो की दार लावील. आडाला पाणी केव्हातरी येईल. ते दार पुन्हा कसे उघडायचे हे मला माहीत नाही, आणि मला त्याची भीती वाटते.

तुझा
नाना